हाकलणे म्हणजे व्यवस्थापन, निघून जाणे म्हणजे आजार?

व्हिडिओ गेमवर चळवळीतल्या माणसांनी कशाला लिहायचे, हा प्रश्न येणार हे आम्ही धरूनच चाललो आहोत. तो दोन बाजूंनी येईल. एक बाजू म्हणेल, अहो खेळ आहे तो, त्यात सत्ता आणि विषमता कशाला शोधता? दुसरी बाजू आपल्याच माणसांची असेल. ती म्हणेल, वस्तीत नळाला पाणी नाही, पोरांची शिष्यवृत्ती थकली आहे, आणि तुम्ही गेमवर लेख लिहिता? दोघांनाही उत्तर देऊ. आधी मुद्दा.

माणसांची वसाहत उभी करायचे जे गेम आज जगभर खेळले जातात, त्यांत रहिवासी वसाहतीबाहेर जातो तो दोन प्रकारे. एक तर त्याला बाहेर काढले जाते, नाहीतर तो स्वतःहून निघून जातो. पहिल्या प्रकाराला हे गेम 'निर्णय' समजतात आणि दुसऱ्याला 'बिघाड'. काढणारा तो हुशार व्यवस्थापक. जाणारा मात्र आजारी, डोके फिरलेला किंवा फितूर. ही वाटणी निरागस नाही, असे आमचे म्हणणे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके बहिष्कृत म्हणून जगवले गेले, आणि ज्या समाजाने सोडून जाण्यातच मुक्तीची वाट शोधली, त्याने तरी ती निमूट गिळू नये.

हे गेम आहेत तरी काय?

ज्यांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या प्रकारात खेळणारा कोणा एका माणसाच्या भूमिकेत नसतो. तो वरून बघतो. घर कुठे बांधायचे, शेत कुठे करायचे, कोणी कोणते काम करायचे, कोणाला कुठे झोपवायचे, हे सगळे तो ठरवतो. खालची माणसे मात्र खरी असल्यासारखी वागतात. त्यांना नाव असते, वय असते, स्वभाव असतो. त्यांना भूक लागते, शोक होतो, राग येतो.

२००६ पासून चालत आलेला 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा या घराण्यातला आजोबा. नंतर २०१८ या एकाच वर्षात तीन गाजलेले गेम आले. मार्चमध्ये 'सर्व्हायव्हिंग मार्स', एप्रिलमध्ये 'फ्रॉस्टपंक', आणि त्याआधी काही वर्षे अपुऱ्या अवस्थेतच खेळला जाणारा टायनन सिल्व्हेस्टर यांचा 'रिमवर्ल्ड' ऑक्टोबरमध्ये पूर्ण स्वरूपात. आम्ही या तिघांबद्दल बोलणार आहोत. आपल्या वस्त्यांतली इंजिनिअरिंगला, बीसीएला गेलेली पोरेही हॉस्टेलच्या खोलीत रात्र रात्र असले गेम खेळतात. तेव्हा हा विषय परका नाही.

अंगठा वर, अंगठा खाली

'सर्व्हायव्हिंग मार्स' बल्गेरियातल्या हेमिमाँट गेम्स या कंपनीने बनवला. मंगळावर घुमट बांधायचे, त्यांना ऑक्सिजन, पाणी, वीज पुरवायची आणि पृथ्वीवरून माणसे बोलवायची. माणसे बोलवताना अर्जदारांची यादी समोर येते. वय, व्यवसाय आणि स्वभाव यांवरून ती चाळता येते. कोणी 'आळशी' असतो, कोणी 'रडका', कोणी 'मद्यपी', आणि कोणाच्या नावापुढे सरळ 'मूर्ख' असा शिक्का असतो. हा शिक्का कोणी मारला, कोणत्या परीक्षेवर मारला, हे विचारायची सोय नाही. तो माणसाला जन्मखुणेसारखा चिकटून येतो.

हे झाले दारावरचे. आत आल्यावरही सुटका नाही. प्रत्येक घुमटाला चाळणी लावता येते. वयोगट, व्यवसाय, गुण, दोष यांच्यापुढे अंगठा वर किंवा अंगठा खाली अशी खूण करायची. अंगठा खाली केला की त्या प्रकारची माणसे तो घुमट सोडून दुसरीकडे जायला लागतात. तिथे त्यांचा शेजार असेल, मैत्री असेल, पण त्याचा हिशेब कोणी मागत नाही. म्हातारी माणसे या गेममध्ये सहसा काम करत नाहीत, पण खातात आणि श्वास घेतात. म्हणून त्यांना एका वेगळ्या घुमटात नेऊन ठेवणे ही खेळणाऱ्यांची नेहमीची युक्ती आहे. अंगठ्याचा इतिहास आम्हाला एकलव्यापासून ठाऊक आहे. इथे तो कापून घेत नाहीत, इथे तो दाखवून माणसाला जागेवरून उठवतात.

आता दुसरी बाजू बघा. एखाद्या रहिवाशाचे मंगळावरचे जगणे अगदीच निकृष्ट झाले, त्याच्या सुखसोयीचा आकडा तळाला गेला, की त्याला परत पृथ्वीवर जावेसे वाटते. मिळेल त्या रॉकेटने तो निघतो. खरे तर यात चूक काय आहे? राहण्यासारखे नाही म्हणून माणूस निघाला. पण गेम त्याच्या अंगावर जी खूण लावतो तिचे नाव आहे 'अर्थसिक'. म्हणजे पृथ्वीच्या ओढीने आजारी पडलेला. घर निकृष्ट तुम्ही बांधले, कामाच्या पाळ्या तुम्ही लावल्या, दवाखाना तुम्ही दिला नाही, आणि आजारी कोण? तर तो!

आणखी एक नियम आहे, आणि तो आम्हाला सगळ्यांत जास्त खुपतो. मंगळावरच जन्मलेला माणूस कधीच 'अर्थसिक' होत नाही. त्याला कितीही वाईट ठेवा, तो कुठे जात नाही. गेम बनवणाऱ्यांचा तर्क असा असेल की ज्याने पृथ्वी पाहिलीच नाही त्याला तिची ओढ कशी लागेल. तर्क सरळ दिसतो, पण तो खोटा आहे. खेड्यात जन्मलेल्या आमच्या पणजोबांनी तरी मुंबई कुठे पाहिली होती? त्यांनी गाव सोडले ते मुंबईच्या ओढीने नव्हे. गावात माणूस म्हणून जगता येत नव्हते म्हणून सोडले. निघून जाण्याची इच्छा मागच्या आठवणीतून येते असे मानणाऱ्याला अपमान काय असतो हे ठाऊक नाही. जन्म इथे झाला म्हणजे इथेच राहणार, या नियमाला आमच्या भाषेत जुने नाव आहे.

रिमवर्ल्डमधले 'हद्दपार' बटण

'रिमवर्ल्ड'ची नेहमीची सुरुवात अशी होते. अंतराळयान कोसळते, तीन माणसे वाचतात आणि अनोळखी ग्रहावर त्यांची वसाहत उभी करायची असते. पुढे भटके येतात, कैदी येतात, निर्वासित येतात. प्रत्येकाचा पूर्वेतिहास गेमने लिहिलेला असतो. बालपणी कोण होता, मोठेपणी काय केले, आणि त्यामुळे कोणते काम त्याला जमते किंवा जमत नाही.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. काही माणसांच्या पूर्वेतिहासामुळे ती ओझी वाहणे, साफसफाई करणे असली कामे करूच शकत नाहीत. त्यांच्यापुढे तशी नोंदच असते. खानदानी घरात वाढलेल्यांच्या वाट्याला ही 'असमर्थता' बऱ्याचदा येते. झाडू हातात धरण्याची असमर्थता! आमच्या समाजशास्त्राच्या वर्गात जे समजावून सांगायला सहा महिने लागले ते या गेमने एका ओळीत सांगून टाकले. फरक एवढाच की अशा माणसावर खेळणारे वैतागतात. खातो आमच्याबरोबर, पण कचरा उचलत नाही, याला कशाला पोसायचा, असे म्हणतात. आणि बाहेर कोणाला काढायचे असा प्रश्न आला की त्याचे नाव पुढे येते. आमच्या गावगाड्यात हेच उलटे होते. जो झाडत होता, ओझी वाहत होता, मेलेले ढोर ओढत होता, तोच गावकुसाबाहेर होता. गेमला जे साधे गणित कळले ते गावाला कळू नये, यात गावाचा अडाणीपणा नव्हता, गावाचा फायदा होता.

असो. बाहेर काढण्यासाठी 'रिमवर्ल्ड'मध्ये एक बटण आहे. माणसाच्या माहितीच्या पानावर ते असते. ते दाबले की गेम एकदा विचारतो, खरेच काढायचे का? बाहेर तो मरण्याची शक्यता असेल तर तसे सांगतो. मागे राहणाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होईल तेही सांगतो. तुम्ही 'हो' म्हटले की तो माणूस तुमचा राहत नाही. बाकीच्यांची मनःस्थिती खालावते, तो मरणाच्याच दारात ढकलला गेला असेल तर जास्त खालावते, आणि काही दिवसांनी ती सल गेमच्या हिशेबातून पुसली जाते.

या गेमला निदान लाज आहे, हे आम्ही मान्य करतो. हाकलण्याची किंमत असते, मागे राहिलेले ती भरतात, एवढे तरी तो सांगतो. पण ही किंमत फक्त मनातल्या मनात भरायची आहे. बाकीचे रहिवासी दुःखी होतात, पण एकत्र येत नाहीत. 'त्याला का काढले?' असे कोणी विचारत नाही. आणि ज्याला काढले त्याला तोंडच नाही. आरोप काय होता, त्याचे म्हणणे काय होते, परत यायचे असेल तर काय करावे, यातले काहीही नियमांत नाही.

आता याच गेममध्ये रहिवासी स्वतःहून निघाला तर? तशी सोय आहे. मनावरचा ताण असह्य झाला की माणसाचा तोल जातो. कोणी समोर दिसेल त्याला मारत सुटतो, कोणी आग लावतो, कोणी खोलीत कोंडून घेतो. याच यादीत एक प्रकार आहे, 'हार मानून निघून जाणे'. म्हणजे वसाहत सोडणे हे आग लावण्याच्या पंक्तीला बसवलेले, मानसिक ढासळणीचे एक रूप. शांत डोक्याने, विचार करून, सामान बांधून, सगळ्यांना सांगून 'मी इथे राहणार नाही' असे म्हणण्याची वाट त्या माणसाला नाही. वेड लागल्याशिवाय त्याला जाताच येत नाही.

या रोगाचे नाव जुने आहे

निघून जाण्याला रोग म्हणायची ही रीत गेम बनवणाऱ्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत गुलामी चालू असताना, १८५१ साली, सॅम्युएल कार्टराइट नावाच्या दक्षिणेतल्या डॉक्टरने एक नवा आजार जाहीर केला. नाव ठेवले ड्रेपटोमॅनिया. लक्षण एकच, गुलाम मालकाकडून पळून जातो. मालकाने नीट वागवले, ताब्यात ठेवले, तर गुलामाला पळावेसे वाटायचे कारणच नाही. तरीही पळाला तर त्याचे डोके बिघडले, असे हे शास्त्र होते. आज त्यावर जग हसते. पण त्यामागचा विचार साधा आहे. मालकाच्या जागेत राहणे हीच निरोगी अवस्था असे एकदा ठरवले की निघून जाण्याला दुसरे कोणते नाव उरतच नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तिथल्या गुलामाचे दुखणे आणि इथल्या शूद्रातिशूद्राचे दुखणे यांची जात एकच आहे हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या वारसांनी 'अर्थसिक' हा शब्द वाचून पुढे जावे, हे आम्हाला पटत नाही.

बाबासाहेबांच्या चळवळीत हे दोन्ही शब्द, काढणे आणि जाणे, अगदी मध्यभागी आहेत. १९२४ साली स्थापन केलेल्या सभेचे नाव बहिष्कृत हितकारिणी, १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत'. महाडनंतर गावोगावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडले. दुकानदाराने माल द्यायचा नाही, शेतावर काम द्यायचे नाही, वाट बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या आणि बाबासाहेब सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात या हत्याराची नोंद घेतली. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये तर बहिष्कार आणि मृत्युदंड यांत शिक्षा म्हणून फारसा फरक नाही, इतक्या स्पष्टपणे त्यांनी मांडले. बटण दाबल्यावर 'रिमवर्ल्ड' जी सूचना देतो तिचा अर्थ त्यांना गेमशिवाय कळलेला होता.

आणि जाणे? महार वतनाने माणसाला गावाला बांधून ठेवले होते. थोडी जमीन, थोडे बलुते, आणि त्या बदल्यात रात्रंदिवसाची चाकरी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही दोरी कापण्यासाठी. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९३५ ला येवल्याला जी घोषणा झाली आणि १९५६ ला नागपूरला जी पूर्ण झाली, तीही निघून जाणेच होते. त्याला तेव्हा कोणी वेड म्हटले, कोणी द्रोह म्हटले. आम्ही त्याला प्रस्थान म्हणतो. एकवीस वर्षे विचार करून, लाखो माणसांना बरोबर घेऊन, उघड्या मैदानावर केलेले प्रस्थान. यात कोणाचा तोल गेला होता?

फ्रॉस्टपंक थोडा पुढे जातो

तिसरा गेम पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा. 'फ्रॉस्टपंक'मध्ये पृथ्वी गोठली आहे. एका मोठ्या भट्टीभोवती शेवटचे शहर उभे आहे आणि तुम्ही त्याचे प्रमुख आहात. लोकांची आशा आणि लोकांचा असंतोष असे दोन आकडे सतत समोर असतात.

विंटरहोम नावाचे दुसरे शहर नष्ट झाल्याची बातमी येते तेव्हा लोकांचा धीर सुटतो. एक गट तयार होतो. त्यांना 'लंडनवाले' म्हणतात. इथे मरण्यापेक्षा आम्ही लंडनला परत जातो, असे त्यांचे म्हणणे. ते लोकांना जमवतात, त्यांची संख्या वाढत जाते, ते जायचा दिवस ठरवतात. इथे निघून जाणे हा एकट्याचा झटका नाही. ती सामूहिक भूमिका आहे. तिला कारण आहे, प्रचार आहे, तारीख आहे. खेळणाऱ्याला त्यांच्याशी सामना करावा लागतो. आशा वाढवून त्यांना थांबवा, किंवा पहारे, तुरुंग आणि प्रचार यांच्या जोरावर दाबा. दाबत गेलात तर शहर वाचते, पण आपण कुठपर्यंत आलो हे गेम शेवटी विचारतो.

आणि दुसरी गोष्ट. असंतोष भरून वाहिला आणि दिलेल्या मुदतीत तुम्ही काही केले नाही, तर लोक प्रमुखालाच शहराबाहेर काढतात. म्हणजे या गेममध्ये हद्दपारीचे बटण दोन्ही बाजूंना आहे. आमच्या मते हाच या तिघांतला सर्वांत प्रामाणिक गेम आहे. तरीही 'लंडनवाले' इथे संकट म्हणूनच येतात. त्यांचे म्हणणे बरोबर असू शकते, त्यांना सन्मानाने निरोप देता येईल, ही कल्पना खेळाच्या केंद्रात नाही. केंद्रात आहे ती शहर टिकवण्याची चिंता. शहर कोणासाठी टिकवायचे हा प्रश्न मागे पडतो.

'पण ऑक्सिजनच कमी आहे ना!'

आता सगळ्यांत मजबूत आक्षेप घेऊ. खेळणारे म्हणतील, मंगळावर ऑक्सिजन मोजका आहे, बर्फात कोळसा मोजका आहे. सगळ्यांना ठेवले तर सगळे मरतील. कोणीतरी कठोर निर्णय घ्यायलाच हवा.

याची पहिली बाजू अशी की ही टंचाई आकाशातून पडलेली नाही. ती गेम बनवणाऱ्याने आकड्यांत लिहिली आहे. एका माणसाला किती हवा लागते आणि एक यंत्र किती हवा बनवते, हे कोणीतरी टेबलावर बसून ठरवले. खऱ्या जगातही टंचाई अशीच ठरते. १९७४ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन अभ्यासकाने श्रीमंत देश म्हणजे भर समुद्रातल्या नावा आहेत, जागा कमी आहे, म्हणून पाण्यातल्या गरिबांना आत घेऊ नका, असा युक्तिवाद केला. नाव कोणी बांधली, लाकूड कोणाच्या जंगलातले, हे त्या युक्तिवादात विचारायचे नसते.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. टंचाई खरी धरली तरी प्रश्न उरतोच. कोणाला काढायचे हे कोण ठरवणार, आणि कोणत्या रीतीने? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खू संघाकडे ना कोळसा होता ना ऑक्सिजनचे यंत्र. भिक्षेवर जगणारी माणसे होती. तिथेही एखाद्याला दूर करावे लागे. विनयात त्याला पब्बाजनीय कम्म म्हणतात. कीटागिरीच्या अस्सजी आणि पुनब्बसु यांच्या गटावर ते केले गेले. पण चुल्लवग्ग बघा. ज्याच्यावर कारवाई करायची तो समोर हजर हवा. त्याला विचारपूस व्हायला हवी. दोष त्याच्याकडून कबूल व्हायला हवा. संघापुढे प्रस्ताव मांडून तीनदा घोषणा व्हायला हवी. यातले काही चुकले तर कारवाईच अवैध. आणि त्याने वर्तन सुधारले तर संघ ती मागे घेतो. उलट ज्याला संघ सोडून गृहस्थ व्हायचे असेल त्याने तसे सांगावे आणि जावे. त्याला कोणी रोगी म्हणत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कामकाजाचा दाखला लोकशाहीच्या संदर्भात दिला तो काही भक्तीपोटी नव्हे. कार्यपद्धती हीच दुबळ्याची ढाल असते, हे त्यांना ठाऊक होते.

आजच्या कायद्यातही तेच आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला तडीपार करताना आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, मुदत दोन वर्षांच्या वर जात नाही आणि अपील करता येते. हा कायदा कसा आणि कोणावर वापरला जातो यावर आमचे वेगळे भांडण आहे, पण कागदावर तरी सुनावणी आहे. गावकीने, जातपंचायतीने बहिष्कार टाकला तर २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. आणि देशात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमात आहे. काढण्यावर बंधन आणि जाण्याला स्वातंत्र्य, हा आपल्या संविधानाचा नियम. काढण्याला स्वातंत्र्य आणि जाण्यावर शिक्का, हा या गेमचा नियम. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

खेळ आहे, मग काय झाले?

'खेळ आहे' म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर सोपे आहे. गोष्टीच्या पुस्तकात वाचणारा बघ्या असतो. या खेळात तो नियम राबवतो, शेकडो तास राबवतो. अंगठा खाली करायला बोट सरावते. खाली माणूस आहे हे विसरायला डोळा सरावतो. कोणी गेम खेळून गुंड होतो असे आम्ही म्हणत नाही. तो व्यवस्थापक होतो, एवढेच म्हणतो. आणि उद्या तो खरोखर व्यवस्थापक होणार आहे. कोणत्या तरी कार्यालयात बसून नावांपुढे खुणा करणार आहे.

आपल्या माणसांना उत्तर थोडे वेगळे आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात परिशिष्ट-२ ची यादी लागते तेव्हा भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. नाव शोधायचे, पुढचा शब्द वाचायचा: पात्र किंवा अपात्र. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा आहे का, वीजबिल आहे का, मतदार यादीत नाव आहे का. तीस वर्षे त्या गल्लीत राहिलेली बाई एका कागदाअभावी 'अपात्र' होते. ही यादी कोणी दुष्टाने बनवलेली नसते. संगणकापुढे बसलेल्या साध्या माणसाने रकाने भरलेले असतात, आणि रकान्यांत शेजार, श्रम, आठवण यांना जागा नसते. अंगठा खाली. वस्तीतल्या पाण्याचा प्रश्न आणि गेममधल्या चाळणीचा प्रश्न वेगळे नाहीत. वरून बघणाऱ्याच्या नजरेला खाली राहणारा हा हक्कदार दिसतो की भार, हा दोन्हींचा गाभा.

म्हणून आम्ही काय म्हणतो? गेम बंद करा असे म्हणत नाही. बंदीची भाषा आम्हाला शोभत नाही, आमच्यावर बंद्याच फार झाल्या. पोरांनो, खेळा. पण खेळताना चार प्रश्न विचारा. आरोप काय आहे? त्याचे म्हणणे कोणी ऐकले? परत यायची वाट आहे का? आणि त्याला स्वतःहून जायचे असेल तर ताठ मानेने जाता येते का? या चारही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर आले तर तुम्ही वसाहत चालवत नाही आहात, गावगाडा चालवत आहात.

आणि तुमच्यातली जी पोरे कोड लिहितात त्यांना एक काम देतो. 'रिमवर्ल्ड'मध्ये खेळणाऱ्यांनीच नवे नियम लिहून जोडायची मोठी परंपरा आहे. त्याला मॉड म्हणतात. एक मॉड लिहा. हद्दपारीचे बटण दाबल्यावर आधी सभा भरू द्या. ज्याला काढायचे आहे त्याला बोलू द्या. बाकीच्यांना मत देऊ द्या. आणि निघून जाणाऱ्याचे नाव मानसिक ढासळणीच्या यादीतून काढा. त्याला सामान बांधू द्या, शेजाऱ्यांचा निरोप घेऊ द्या, आणि दिवसाउजेडी वसाहतीची वेस ओलांडू द्या.

नियम माणसेच लिहितात. आजवर ते आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिले. आता लिहिणाऱ्यांत आपली पोरे आहेत.

जय भीम.